गोमाची आडवी काठी

गोमाबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्याची माहिती फार थोडी. त्याला भाऊ किती, तो शाळेत किती शिकला, हे मी कधी विचारलंच नाही. गेल्या वैशाखात वाडीतल्या टाकीपाशी बसल्या बसल्या तो गेला. त्याचं वय तेव्हा त्याच्या बायकोकडून, हिरूकडून कळलं. त्रेपन्न. मी त्याला साठीचा समजत होतो.

दहिवलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. डोंगरात भटकणाऱ्यांचे तंबू, सॅक फाटल्या की माझ्याकडे येतात. त्या आणायचा गोमा. कडावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला त्याची ठाकरवाडी. मुंबई-पुण्याच्या लोकांना तो किल्ल्यांवर न्यायचा, पण चालायचा सगळ्यांच्या मागून. "पुढच्याला वाट दिसते, मास्तर. हरवतो तो मागचा." आदल्या दिवशी एकटा वर जाऊन जिथे वाट फुटते तिथे चुकीच्या वाटेवर हिरवा टहाळा आडवा टाकून यायचा. आडवा टहाळा म्हणजे इकडे येऊ नका. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं.

डोंबिवलीचा ओमकार दर जूनमध्ये वीसेक मराठी माणसांना ऑस्ट्रियात नेतो. आठ दिवस डोंगर चालायचे आणि खालच्या तळ्यांत कयाक, म्हणजे ती अरुंद होडी, वल्हवायची. दोन वर्षांपूर्वी त्याने गोमाला बरोबर नेलं. परत आल्यावर गोमा दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"काय रे, गोरा होऊन येशील असं वाटलं होतं."

"काळाच बरा हाय. मास्तर, मी लोकं हरवली."

मग हळूहळू त्याने सांगितलं. ओमकारचा हुकूम होता, वाटाड्याने पुढे चालायचं. तीन दिवस रान होतं. गोमा फाट्यावर वाळकी फांदी आडवी टाकत पुढे जायचा. लोक त्याच्या पाठोपाठ असल्याने फांदीकडे कुणी पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी खिंडीत पोचले तर झाडच नाही. नुसते दगड आणि बर्फ. पाय दुखणारे मागे रेंगाळलेले. गोमाने हातातली चालायची काठीच चुकीच्या वाटेवर आडवी ठेवली आणि पुढे गेला.

मागून ठाण्याच्या निवृत्त शिक्षिका संध्याताई आल्या. "अगं बाई, गोमाची काठी पडली!" त्यांनी काठी उचलली आणि ती द्यायला त्याच वाटेने उतरू लागल्या. गोमा, गोमा करत. बाकीचे सात जण त्यांच्या मागे.

मला हसू आलं. मी तोंड फिरवून मशीनमध्ये दोरा ओवू लागलो.

"हसा तुमी. चार तास शोधत व्हतो."

"मग सापडले कुठे?"

"दुसऱ्याच तळ्यावर. पाण्यात पाय सोडून चिवडा खात बसलेली. बाई म्हनते, घे रं तुझी काठी, किती पळवलंस!"

"मग झालं तर."

"झालं कसं? त्या दिवशीच्या सगळ्यांच्या होड्या बुडाल्या."

"बुडाल्या?"

"म्हंजी रद झाल्या. ओमकारशेठ म्हनला, पुढल्या साली बघू. बघू म्हंजी नाय."

"तुला परत जायचंय?"

"जायचंय. मागं बघता बघता डोंगर बघायचे ऱ्हायले, मास्तर. शेवटच्या दिशी होडीत बसलो तवा सगळे उलटे दिसले, पान्यात. एकदा सुलटे बघायचे हायत."

एवढं बोलून तो गेला. पुढे पावसाळाभर सॅक आणायचा, पण त्या देशाचं नाव काढायचा नाही. फोन वाजला की मात्र आधी नाव बघायचा.

पौषात ओमकार तंबू घेऊन आला. गिऱ्हाइकाशी कामापलीकडे बोलायची मला सवय नाही. त्याला फोन करावा म्हणून मी आधी तीनदा नंबर लावून कापला होता. त्या दिवशी तो समोरच उभा होता. तो पायरी उतरत असताना मी म्हणालो, "साहेब, गोमाला मागे चालू द्या. मागून तो एकही माणूस हरवणार नाही."

ओमकार थांबला. "तुम्हाला संध्याताईंनी सांगितलं का? त्याही हेच म्हणतात. गोमा मागे असेल तरच पुन्हा येईन म्हणतात."

"नाही, मी आपला असंच..." तो हसला आणि गेला. माझं बोलणं उपयोगी पडलं की संध्याताईंचं, मला माहीत नाही. बहुधा त्यांचंच.

त्या वैशाखाआधीच्या चैत्रात एका दुपारी गोमा आला. चेहरा असा की सांगायची गरज नव्हती, तरी त्याने सांगितलं.

"फोन आला, मास्तर. जूनात जायाचं. पुढं दुसरा पोरगा. मी मागं."

"बरं झालं."

"तुमी काय बोललात का त्यास्नी?"

"मी कशाला बोलतो?"

त्याने खांद्यावरची एक जुनी सॅक मशीनवर ठेवली. "हिचा पट्टा तुटलाय."

"ठेव. सोमवारी ने."

"सोमवारी चौक गावाला जायाचंय. मंगळवारी येतो."

"मंगळवारी दुकान बंद."

"मग बुधवारी?"

"ये बुधवारी. पण जेवणाच्या वेळेला नको."

"बरं," तो म्हणाला, "जेवूनच येतो."