जादा गाठ

वाडीच्या गोदामाच्या किल्ल्या शेठनी माझ्या हातात ठेवल्या, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पहिला विचार मनात आला तो असा, की आता हे मला कशात तरी अडकवणार. आनंद मागाहून झाला. तोही बेताचाच.

मी मालवणकडचा. आठवीत शाळा सुटली. मामेभाऊ ट्रक चालवायचा, त्याच्याबरोबर क्लीनर म्हणून निघालो आणि नागपूरजवळ अमरावती रोडवर वाडीला उतरलो तो राहिलोच. ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या गाठींवर काळ्या शाईनं पत्ते लिहायचं काम मिळालं. अक्षर बरं होतं, शाळेतून तेवढीच पुंजी आणली होती. दोन वर्षांनी एका लोखंडी पेटीखाली माझी बोटं चेंगरली. शेठ स्वतः मला रामदासपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेले, सगळा खर्च केला आणि नंतर एकदाही तो बोलून दाखवला नाही. बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं. कोणी न मागता शहाळं आणून दिलं तरी माझी आई म्हणायची, "कायतरी काम आसतला हां तेचा." मी तिच्याच हाताखाली वाढलेलो. शेठविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटायची आणि या उपकाराची वसुली कोणत्या दिवशी निघेल याची धास्तीही.

किल्ल्या देताना ते म्हणाले होते, "तीन महिने सांभाळ. जमलं तं हे गोदाम तुले कमिशनवर देऊन टाकतो. मंग नोकरी नाही, तुहा सोताचा धंदा."

स्वतःचा धंदा म्हणजे पक्की खोली, धाकट्या भावाची शाळा, आईला एकदा तरी इकडे आणणं. आठवी नापास माणसाला असं कोण देतं? आणि का?

उत्तर हमालांच्या जमादारानं दिलं. साठीला आलेला माणूस, वाडीतलं प्रत्येक गोदाम त्याच्या पाठीवरून गेलेलं.

"लय खुश नको होऊ, बाप्पा. शेठ जादा नग टाकते."

"म्हणजे?"

"चलानवर साठ नग लिवते अन् गाडीत एकसष्ट पाठवते. तो एक तू दाबतं का सांगतं, हे पाहाले. तुह्या आधीचा कसा गेला? असाच गेला."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहाची काय गरज हाये? साऱ्या वाडीले ठाऊक हाये."

चलान म्हणजे गाडीत काय भरलं त्याची यादी. माल उतरवताना त्यातल्या नोंदी आणि प्रत्यक्ष नग जुळले पाहिजेत, एवढंच आमचं शास्त्र. नवव्या दिवशी मालेगावकडून गाडी आली. चलानवर बासष्ट, उतरले त्रेसष्ट. मी दोनदा मोजले. शेवटची गाठ बारदानात शिवलेली होती, आणि तिच्यावरचा पत्ता ओल लागून पार फिसकटला होता. जमादारानं माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या.

जादा नग आला तर करायचं काय, याचा नियम साधा होता. दोन साक्षीदारांसमोर शिवण उसवायची, आतलं बिल पाहायचं आणि आमच्या बाकीच्या गोदामांना कळवायचं. पण मी म्हटलं, उसवली की 'उसवलीस कशाला' म्हणून धरतील. आणि शेठचीच गाठ असेल तर कळवायचं कोणाला? मी सायकल काढली आणि थेट शहरात, सदर भागातल्या शेठच्या ऑफिसात गेलो. शेठ फोनवर होते. रिसीव्हर मानेत धरून त्यांनी ऐकलं.

"एक गाठ जादा आली आहे."

"अच्छा. पाहून घे," म्हणाले आणि हसले.

त्या हसण्यावर मी पुढचे वीस दिवस काढले. माझी खात्रीच पटली. गाठ कोपऱ्यात वेगळी ठेवली, जादा नगांच्या वहीत नोंद केली आणि रोज सकाळी तिच्या शिवणीचे टाके मोजू लागलो. एकशे बारा टाके. कोणी उसवून परत शिवली तर मला कळलं पाहिजे. जमादार म्हणायचा, "देवाची पूजा नाही करत इतकी, तितकी गाठीची करून राहिला लेका."

दसरा आठवड्यावर आला असताना एक बाई गोदामावर आली. बाई म्हणजे माझ्याच वयाची, इंदोऱ्याहून बसनं आलेली, हातात पिशवी. पिशवीतून तिनं घडी घातलेली बिल्टी काढली. बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती. मालेगावहून एक गाठ, पांढऱ्या साड्या, आमच्या इतवारीच्या गोदामाच्या नावानं.

"इतवारीवाले म्हणते आली नाही, वाडीले पाहा. दसऱ्याले दीक्षाभूमीवर दुकान लावाचं हाये मले. वर्षभर शिवणकाम केलं त्या पैशाचा माल हाये, भाऊ."

मी चलान पाहिलं. तिच्या बिल्टीचा नंबर त्यात नव्हता. नसणारच, गाठ चुकून दुसऱ्या गाडीत चढली होती. हे आज मी एका ओळीत लिहितो आहे. तेव्हा मला वाटलं, हा परीक्षेचा दुसरा पेपर. पहिल्यात मी गाठ दाबली नाही, म्हणून आता माणूस पाठवून पाहताहेत, कोणालाही गाठ देऊन टाकतो का ते. गाव, गाठ, मालाचं नाव, सगळं धडाधड सांगते, म्हणजे पढवूनच पाठवलेली.

"नाही आली," मी म्हणालो. माझ्या पाठीमागे दहा हातांवर ती गाठ होती.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. या वेळी तिनं दारातून आत पाहिलं.

"ते कोपऱ्यात काय हाये?"

"ती दुसऱ्याची आहे."

"कोणाची?"

मला नाव सांगता येईना. शेठचं नाव घ्यावं तर परीक्षा आपण ओळखली हे कळेल.

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो.

"बिल्टीले वीस दिवस झाले, अन् अजून चौकशीच? काहून गा, इतका काहून डरून राहिला तू? मी चोर दिसतो का तुले? उसवून पाहा ना! साड्या निंगाल्या तं माह्या, दगड निंगाले तं तुहे. घरी नेऊन डोक्यात हान आपल्या."

जमादार तोंडावर हात ठेवून हसला. मी ताठ राहिलो आणि तिला दसरा झाल्यावर या म्हणालो. ती आत माझ्या टेबलाशी आली. तिनं पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याची रिळं काढली आणि एकेक करून माझ्यापुढे मांडली.

"हे फॉल लावाचे दोरे. आज भेटली तं निदान पन्नास साड्याले लागते फॉल. दसऱ्यानंतर पांढरी साडी कोण घेते, तू?"

सात-आठ रिळं असतील. पढवून पाठवलेली माणसं दोरे आणत नाहीत, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं. पण लगेच दुसरा विचार आला, की हुशार शेठ दोरेसुद्धा देईल. त्या दिवशी मी तिला रिकामी पाठवली. हे लिहायला लाज वाटते, पण पाठवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती पुन्हा दारात उभी होती. आज बोलली नाही, भांडली नाही. तेच मला सहन झालं नाही. किल्ल्या गेल्या तर गेल्या म्हणत मी जमादाराला आणि शेजारच्या गोदामाच्या चौकीदाराला बोलावलं आणि शिवण उसवली. पांढऱ्या साड्या. वरच बिल, त्यावर तिचं नाव. तिनं एकेक साडी मोजली, सही केली आणि गाठ रिक्षात चढवून गेली. 

दुपारी मी सदरला गेलो आणि शेठना सगळं सांगितलं. टाक्यांचं सोडून.

"मी जादा नग टाकतो? कोण म्हणते?"

"सगळी वाडी म्हणते."

"तुह्या आधीचा भंडाऱ्याले सासऱ्याच्या दुकानात गेला बे, लग्न झालं म्हणून!" ते उठून उभे राहिले. "अन् माल कोणासाठी उतरवतो आपण? अडवाले? तू माह्यावर नजर ठेवत बसला अन् ती पोरगी वाडीच्या चकरा मारत राहिली. गाठ उसवली म्हणून बोलत नाही मी तुले. बावीस दिवस उसवली नाही म्हणून बोलून राहिलो."

"मग तुम्ही हसलात का?"

"कधी?"

त्यांना आठवतही नव्हतं. निदान तसं ते म्हणाले.

"उद्या तिच्या दुकानावर जा. आपल्यामुळे काय नुकसान झालं ते तिच्या हातानं लिहून आण. ते वाचून ठरवतो, तुले ठेवाचं का नाही."

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या बाजूच्या रस्त्यावर माणसांचा समुद्र होता. ती फुटपाथवर चादर अंथरून बसली होती, निम्म्या साड्यांना फॉल नव्हता. मी कागद पुढे केला आणि कशासाठी ते सांगितलं. नोकरी जाऊ शकते, हेही तोंडून निघून गेलं. गिऱ्हाईक करता करता तिनं गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. तिचं अक्षर माझ्याहून सुंदर होतं. 'माल उशिरा पण पूर्ण मिळाला. माझी तक्रार नाही.'

"तक्रार नाही?" मी विचारलं. "काहून?" तोंडातून नागपुरीच आलं.

"चार साड्या विकत घे अन् जा. गर्दीत उभा नको राहू."

मी चार साड्या घेतल्या. चालता चालता कागद तीन वेळा वाचला. 'उशिरा' हा शब्द तिनं का ठेवला? की ठेवला म्हणूनच बाकीचं खरं वाटेल? यात तिचा काय फायदा? मला आजही तो सापडलेला नाही.

शेठनी कागद वाचला. "उशिरा लिवलं तिनं. बरं केलं," एवढंच म्हणाले आणि तो खणात टाकला. तीन महिने भरले त्या दिवशी त्यांनी कमिशनचा करारनामा टेबलावर ठेवला. मी म्हटलं, जरा वाचून घेतो. मग तो एका वकिलाकडून, एका मास्तरांकडून, इतवारीच्या कारकुनाकडून आणि शेवटी जमादाराच्या मॅट्रिक झालेल्या मुलीकडून वाचून घेतला. चौघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. सहीला पाचव्या दिवशी गेलो. शेठनी पेन पुढे केलं आणि म्हणाले, "झालं का पाहून? का अजून कोणी बाकी हाये?"