आन् वर पाचवा हिस्सा

उजव्या हाताची पाचही बोटं पसरायची, डाव्या हातानं अंगठा धरायचा आणि म्हणायचं, "आन् वर पाचवा हिस्सा!" मास्तरांचं कुठलंही बोलणं इथं येऊन थांबायचं.

शिरूरच्या शाळेतून निवृत्त होऊन ते दौंडला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. दर रविवारी ते चर्चमधल्या मुलांना स्वतःच्या ओट्यावर बसवून बायबलातला जुना करार शिकवत. मी त्यांच्या धर्माचा नाही, पण खिडकी उघडी, त्यामुळे माझंही फुकटात शिक्षण झालं.

दावीद राजा त्यांचा लाडका. "एवढा मोठा राजा, पण देवाच्या संदेष्ट्यानं तोंडावर त्याचं पाप सांगितलं तवा सबब सांगत बसला न्हाई. सरळ म्हणाला, चुकलो!" निनवे शहरात पश्चात्तापासाठी गुराढोरांनाही गोणपाट नेसवलं होतं, हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरत नसे. पण त्यांचा जीव अडकलेला मोशेच्या नियमात. कुणाचं काही घेतलं, तर आधी तोंडानं कबुली, मग वस्तू परत, आणि वर तिचा पाचवा हिस्सा.

पंचाईत अशी, की ते हा नियम पाळायचेसुद्धा. एकदा आमच्या झाडाची पाच लिंबं न विचारता तोडली आणि दुसऱ्या दिवशी सहा घेऊन दारात हजर. आई म्हणाली, "अहो मास्तर, लिंबांचं काय एवढं!"

"आक्का, लिंबांचं न्हाई, माझं हाय."

मग ते छत्रीचं झालं. समोरच्या सायकलवाल्या दस्तगीरभाईंकडे मास्तरांची रोजची बैठक. एका पावसाळ्यात मास्तरांची नवी छत्री हरवली आणि अगदी तशीच दस्तगीरभाईंच्या दुकानात दिसली. मास्तरांचं डोकंच फिरलं. चहा पीत बसलेल्या माणसांसमोर ओरडले, "दोस्ताचीच छत्री चोरलीस व्हय रे?" दस्तगीरभाईंनी मुकाट्यानं छत्री काढून दिली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

आठवड्यानं मास्तर काही कामानं शिरूरला जुन्या शाळेत गेले. मागच्या खेपेला विसरलेली त्यांची छत्री तिथं खुंटीला लटकत होती.

परत आले ते तोंड पाडूनच. "छत्री देईन परत. पर चारचौघांत त्याची अब्रू घेतली, ती कशी देऊ?" दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात येऊन म्हणाले, "दहा जणांसमोर बोललो ना? मग बारा जणांसमोर कबुली!"

ते दहाही जण त्यांनी गोळा केले. एकजण निमोण्याला गेला होता, त्याला एसटीनं जाऊन घेऊन आले. जास्तीचे दोघे म्हणजे मी आणि आई. छत्रीचा पाचवा हिस्सा कापून देता येईना, म्हणून तिला नवी मूठ बसवलेली. भर दुपारी दुकानासमोर उभे राहून मास्तर म्हणाले, "चोर दस्तगीर न्हाई, मी हाय. त्याची छत्रीबी मीच नेली आन् अब्रूबी."

दस्तगीरभाई पंक्चर काढत होते. मान वर न करता दुकानातल्या माणसाला म्हणाले, "चौदा चहा सांग."

दुसऱ्या दिवसापासून बैठक पुन्हा सुरू झाली. पण मास्तरांच्या मनातलं जाईना. कितीदा तरी मला विचारायचे, "त्यानं माफ केलं असंल का हो? तोंडानं काय म्हणाला न्हाई."

काही वर्षांनी मास्तर गेले. दफनाच्या वेळी सगळ्यांनी माती दिली. दस्तगीरभाई मातीची मूठ मिटून तसेच उभे. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, त्याच दिवशी माफ केलं हुतं. मलाच तोंड उघडता आलं न्हाई. चुकलो."

हे मास्तरांना ऐकायचं होतं हो. फार ऐकायचं होतं.