सुपडूच्या पट्टीवर माझं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगताना अजून अंगावर काटा येतोय.

नव्वदीची वर्षं. मी मूळची चिपळूणची, सिल्वासात डोळ्यांच्या एका दवाखान्यात मदतनीस होते. तोंडाने फटकळ. एड्सचं नाव काढलं की मागे सरणाऱ्यांना मीच झापायची, "अगो, शिवल्याने होत नाही तो! माणूस आहे, विंचू नाही." लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण — दुसरं काय म्हणू?

सुपडू धुळ्याकडचा, जवळच्या मसाटला धाग्याच्या कंपनीत कामाला. एचआयव्ही निघालेला. उजव्या डोळ्यात सारखी वाळू खुपतेय म्हणायचा. कंपनीतली धूळ, असं सगळे म्हणत. आमच्या डॉक्टरांना मात्र वेगळीच शंका — हा विषाणू अश्रूंच्या ग्रंथीतच शिरतो का? की अंगातली ताकद गेल्यावर दुसराच कुठला जुना विषाणू तिथे डोकं वर काढतो? नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. "आधी पाणी मोजा," ते मला म्हणाले. म्हणजे कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांनी किती भिजली ते बघायचं. भिजली नाही तर डोळा कोरडा. केवढंसं काम!

त्याला खुर्चीत बसवलं. डोळे मिट म्हटलं. हातमोजे घातले... आणि हात पुढे जाईना. अहो, त्याच्या पापणीला बोट लावायचं — माझं बोट! भीती? हो, भीतीच. अश्रूंनी हा रोग होत नाही, हे डॉक्टरांनी मला चारदा सांगितलं होतं. मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी काय केलं?

ती पट्टी मी माझ्याच डोळ्यात अडकवली.

पाच मिनिटं तशीच बसले. बघते तर सुपडूचे डोळे उघडे! "ताई, तुमालेबी हाच तरास का?" — काय मायेनं विचारलं त्याने! मी हो म्हटलं. पट्टी चांगली भिजली होती. त्याच्या केसपेपरला चिकटवली आणि आत नेऊन दिली.

"पाणी भरपूर आहे. म्हणजे विषाणूचा संबंध नाही," असं म्हणून डॉक्टरांनी त्याला धुळीवरचे थेंब लिहून दिले.

काही महिन्यांनी तो आला, तो भावाचा खांदा धरून. उजव्या बुबुळावर जखम, चिघळून पांढरी झालेली. कोरड्या डोळ्याचं असंच होतं, हे मला बघताक्षणी कळलं. डॉक्टर केसपेपर उलटसुलट करत राहिले. "असं कसं? पट्टी तर भिजली होती! सुपडू, तुझ्या डोळ्यात कागद लावला होता ना?"

सुपडूने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं — तिथेच, माझ्यादेखत.

"हो साहेब," तो म्हणाला. "ताईनं लावला होता."

का म्हणाला असेल? दुसऱ्या दवाखान्यांत त्याला दारातूनच हाकलत, इथे निदान बसायला खुर्ची मिळायची. तेवढी जाऊ नये, म्हणून? आणि मी? मी डॉक्टरांच्या हातात पेन दिलं. डॉक्टरांनी कारण लिहिलं — कंपनीत काहीतरी लागलं असावं. मी ते वाचलं.

त्याचा तो डोळा गेला. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.