हरणांच्या सीझनवर कोणाचाच आक्षेप नाही

“कोणाला काही प्रश्न?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

हॉल गच्च भरला होता. आयर्लंडमधल्या विक्लोच्या डोंगरपायथ्याचं एक हॉटेल, शनिवारची दुपार. पहिल्या रांगेत जमिनींचे मालक बसलेले. मागे जाड जॅकेटं घातलेले शिकारी, काही भिंतीला टेकून उभे. पडद्यावर माझी स्लाइड: ‘मादी हरणांच्या शिकारीचा सीझन लांबवावा का?’ आणि समोर हाताची घडी, तोंडावर बोट. शेवटी एका शिकाऱ्याने हात वर केला. मी लगबगीने माइक घेऊन पोचले.

“चहा इथेच येणार, की बाहेर जाऊन घ्यायचा?” त्याने विचारलं.

माझं काम काय ते आधी सांगते. मी पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकले, काही वर्षं शाम्पू आणि बिस्किटांबद्दल घरोघरच्या बायकांची मतं गोळा केली, आणि आता डब्लिनच्या दक्षिणेला, चेरीवूडमधल्या एका कन्सल्टन्सीत नोकरी करते. सरकारला एखादा नियम बदलायचा असला की ज्यांना त्याचा फरक पडणार त्यांना आधी विचारतात. त्याला पब्लिक कन्सल्टेशन म्हणतात. त्या विषयाचं सरकारी खातं आम्हाला काम देतं. आम्ही ऑनलाइन सर्व्हे घेतो, मीटिंगा घेतो, रिपोर्ट लिहितो. निर्णय खात्याचा असतो, आमच्या हातात काही नसतं.

हरणांमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि म्हणूनच हे काम मी मागून घेतलं. नको तिथे नाक खुपसायची मला लहानपणापासून खोड आहे. वाचता वाचता एवढं समजलं की आयर्लंडमध्ये हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही. त्यामुळे हरणं वाढतात, नव्या लागवडीचे कोवळे शेंडे खातात, शेतात घुसतात, गाड्यांच्या पुढ्यात येतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याची बरीचशी भिस्त लायसन्स काढलेल्या हौशी शिकाऱ्यांवर आहे. पण त्यांनाही वर्षभर मोकळीक नसते. शिकारीचे महिने ठरलेले असतात, त्याला ओपन सीझन म्हणतात. नरांचा वेगळा, माद्यांचा वेगळा. कळप कमी करायचा तर नर मारून भागत नाही, माद्या कमी व्हाव्या लागतात. म्हणून माद्यांचा सीझन हिवाळा संपल्यावर आणखी काही आठवडे चालू ठेवावा, असा प्रस्ताव होता.

ऑनलाइन सर्व्हेला शिकाऱ्यांनी जेमतेम उत्तरं दिली होती. त्यातही बहुतेकांनी ‘मत नाही’ वर टिक केलेली. माझी सगळी आशा या मीटिंगवर होती, आणि मीटिंगने चहाचा प्रश्न विचारला.

प्रोजेक्टरची वायर गुंडाळून मी बाहेर आले आणि दारातच थांबले. कार पार्कमध्ये कोणीही गाडीत बसलेलं नव्हतं. जीपच्या बॉनेटला टेकून दोघं-तिघं, दोघं-तिघं उभे होते आणि तावातावाने बोलत होते. विषय एकच, माझी स्लाइड! मी जवळ गेले की आवाज बंद, आणि “काय थंडी पडलीय नाही?” सुरू. मला हसूच आलं. पुण्यात आमच्या सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग अशीच व्हायची. वर सगळे ठराव एकमताने मंजूर, आणि मग खाली स्कूटरींपाशी खरी भांडणं.

डर्मट माझ्याकडे आला. हा इथल्या शिकाऱ्यांच्या क्लबचा सेक्रेटरी, साठी ओलांडलेला, उंच, हळू बोलणारा. एवढी माणसं त्यानेच गोळा करून आणली होती.

“ग्रँड झाली मीटिंग,” तो म्हणाला.

“ग्रँड? अहो, कोणी तोंड उघडलं नाही. आणि इथे बघा.”

त्याने हनुवटीने एका चंदेरी जीपकडे खूण केली. ती गेटमधून बाहेर पडत होती. “तो ब्रेनन. पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या रानात मी शिकार करतो. माझे वडीलही तिथेच करायचे. त्याने परवानगी दिली तर माझं लायसन्स. नाही दिली तर मी घरी बसून टीव्ही बघायचा.”

मग माझ्या लक्षात आलं, घोडं कुठे पेंड खात होतं ते. शिकारीसाठी जमीनमालकाची परवानगी लागते, आणि चांगल्या रानासाठी दहा जण टपून असतात. ब्रेननने डोंगरउतारावर नवी झाडं लावली आहेत आणि हरणं ती फस्त करताहेत. त्याच्या देखत ‘सीझन लांबवू नका’ म्हणायचं म्हणजे आपल्या जागी दुसऱ्याला बोलावण्यासारखं. आणि ज्यांना सीझन लांबवलेला हवा होता, ते शेजारच्या खुर्चीवरच्या दोस्ताला कशाला दुखावतील? सगळ्यांनी झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली होती. आमच्या ऑफिसची पद्धत अशी की सगळ्या संबंधितांना एकाच हॉलमध्ये बसवायचं, म्हणजे चर्चा मोकळी होते. इथे त्या पद्धतीनेच चर्चेचा गळा धरला होता.

“तुमचं स्वतःचं मत काय?” मी विचारलं.

डर्मटने आवाज खाली आणला. “काही वर्षांपूर्वी सीझनच्या अगदी शेवटी मी एक मादी मारली. नेम चांगला होता, जागेवर पडली. मग पोट साफ करायला उघडलं. आत पिल्लू होतं. पूर्ण झालेलं. खुरांसकट. मी शिकारी आहे, हरणं मारतोच. पण त्या दिवसानंतर सीझनच्या शेवटी बंदूक हातात घेववत नाही. ब्रेननला मात्र सांगतो, हरणं दिसलीच नाहीत.”

मी जन्माची शाकाहारी. शिकाऱ्याला असं काही वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि त्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

सोमवारी ऑफिसात फिओनाने, म्हणजे माझ्या बॉसने, मीटिंगचा आढावा वाचला. “कोणाचाच आक्षेप नाही. छान. हेच लिही आणि पाठव.”

“आक्षेप आहेत, फिओना. कार पार्कमध्ये.”

“कार पार्क म्हणजे डेटा नव्हे, वृंदा.”

“पण ‘आक्षेप नाही’ असं लिहिलं तर खातं म्हणेल, शिकारी राजी आहेत. आणि हे लोक पुन्हा कधी मीटिंगला येणार नाहीत.”

“हॉलमध्ये बोलायला कोणी मनाई केली होती का त्यांना?”

तिचंही चुकत नव्हतं. दोस्तांत बोललेलं वाक्य उचलून रिपोर्टात घालता येत नाही. त्याला ज्याची त्याची संमती लागते. मी म्हटलं, मला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ दे, संमती घेऊन येते. फिओनाने कॅलेंडर बघितलं, सुस्कारा सोडला आणि हो म्हणाली.

शनिवारी सकाळी मी डर्मटच्या क्लबच्या रेंजवर पोचले. जुनी दगडाची खाण आहे ती. तिथे शिकारी रायफल तपासायला येतात. दुर्बिणीतून दिसतं तिथेच गोळी लागते ना, ते बघतात. त्याला झीरोइंग म्हणतात. जमीनमालक तिकडे फिरकत नाहीत. तरी पहिला तासभर कोणी ताकास तूर लागू दिली नाही. सगळे प्रेमाने बोलले, पण फक्त रायफलींबद्दल. एकाने शेगडीवर भाजलेला हरणाच्या मांसाचा बर्गर पुढे केला.

“मी शाकाहारी आहे,” मी म्हटलं.

“हरीणही शाकाहारीच होतं,” तो म्हणाला, आणि मला एक केळं आणून दिलं.

वारा बोचरा होता. मी कुडकुडतेय असं बघून त्याच बर्गरवाल्याने मला त्याच्या जीपमध्ये बसवलं, हीटर लावला आणि स्वतः शेजारी बसला. दोघंही समोरच्या काचेतून खाणीकडे बघत होतो. आणि तो बोलायला लागला. मी काही विचारलंही नव्हतं. समोरासमोर बसलं की या माणसांच्या तोंडाला कुलूप, आणि दोघांनी एकाच दिशेला बघितलं की ते आपोआप उघडतं. मग काय, मी त्या दिवशी या जीपमधून उतरून त्या जीपमध्ये, असाच मुक्काम हलवत राहिले. प्रत्येकाला आधीच सांगायची, नाव येणार नाही, लिहू का? बहुतेक जण म्हणायचे, लिही.

मतं काही एकसारखी नव्हती. बर्गरवाल्याला सीझन लांबवलेला हवा होता. त्याच्या मेव्हण्याची लागवड हरणांनी संपवली होती, आणि ‘पिल्लाचं वाईट वाटतं, पण मेव्हण्याचंही वाटतं’ असं तो म्हणाला. दुसरा म्हणाला, महिने वाढवून उपयोग नाही, ज्या रानांत शिकारीला बंदीच आहे तिथे हरणं जाऊन बसतात, त्याचं बोला. तिसऱ्याचा राग वेगळाच होता. हरणं नक्की किती आहेत हे कोणी नीट मोजलं आहे का? मग कमी झाली की जास्त, हे ठरवणार कसं? मी तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.

एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक जीपमध्ये ऐकली. “मागेही आमचं मत विचारलं होतं. मग निर्णय झाला. आमचं मत धरलं की सोडलं, का सोडलं, हे सांगायला कोणी आलं नाही.” मी आठवडाभर ‘सीझन लांबवावा का’ एवढंच धरून बसले होते. यांची खरी तक्रार नियमापेक्षा तो ठरवण्याच्या पद्धतीबद्दल होती.

शेवटी डर्मटच्या जीपमध्ये बसले. त्या मादीची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली आणि म्हणाला, “लिही. नाव नको.”

सोमवारी फिओनाने माझा ड्राफ्ट वाचला. डर्मटच्या वाक्यांपाशी ती थांबली. “हे पहिल्या पानावर घे. हे वाचून कोणताही अधिकारी थबकेल.”

मलाही तेच वाटत होतं. पण रिपोर्ट वेबसाइटवर जातो, कोणीही वाचू शकतं. ब्रेननसुद्धा. मी डर्मटला फोन लावला.

“नाव नसलं तरी लोक तुम्हाला ओळखतील का?”

“माझा कुत्राही ओळखेल.”

“मग काढून टाकू? तुमची परवानगी गेली तर?”

“हे वाचून खात्यातले लोक ऐकतील का?” त्याने विचारलं.

खोटं बोलवेना. “कदाचित. खात्री नाही देता येत.”

“मला दुपारपर्यंत वेळ दे,” तो म्हणाला.

दुपारपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं. एका माणसाच्या वडिलांपासूनचं रान माझ्या एका परिच्छेदापायी जाणार होतं. मी तो परिच्छेद दोनदा काढला आणि दोनदा परत घातला. फिओना येता-जाता घड्याळाकडे बघत होती. शेवटी फोन वाजला.

“ब्रेननच्या किचनमधून आत्ताच बाहेर पडलो,” डर्मट म्हणाला. “सगळं सांगितलं त्याला.”

“मग?”

“चिडला.”

“परवानगी काढून घेतली?”

“छे. चिडला, की हरणं दिसली नाहीत असं खोटं का सांगत राहिलास. म्हणाला, मी मेंढ्या पाळतो, गाभण जनावर म्हणजे काय ते तू मला शिकवणार? माझी झाडं वाचली पाहिजेत. हरणं कधी मार, हे मी कधी सांगितलं होतं? सीझनच्या शेवटी नको असेल तर सुरुवातीला जास्त मार.” डर्मटने मोठा श्वास घेतला. “त्यामुळे आता नाताळपर्यंत दर शनिवारी मला तो डोंगर चढायचा आहे. बायको तुझ्यावर भयंकर रागावली आहे. छाप ते.”

मी डोळे पुसले आणि छापलं, पहिल्या पानावर.

काही महिन्यांनी निर्णय आला. सीझन लांबला. प्रस्तावात होता तसाच, एक आठवडाही कमी नाही. फरक एवढाच, की या वेळी निर्णयासोबत कारणं दिली होती: शिकारी काय म्हणाले, त्यातलं काय धरलं, काय नाही आणि का. मला रागच आला. पहिलं पान वाचून कोणी थबकलं नव्हतं. मी ओशाळून डर्मटला फोन केला.

“कारणं वाचली आम्ही क्लबमध्ये,” तो म्हणाला. “निम्मी पटली नाहीत. पण निदान भांडायला काहीतरी हातात आलं. पुढच्या मीटिंगला सगळे येताहेत.”

“आणि सीझनच्या शेवटी?”

“सीझन म्हणजे परवानगी, वृंदा, सक्ती नाही. ब्रेननच्या रानात त्या आठवड्यांत कोणी गोळी झाडणार नाही. आता शेजारचे दोन मालकही त्यांच्या शिकाऱ्यांना विचारताहेत, की बाबांनो, तुम्हाला नक्की काय हवंय?”

खात्याने मला विचारलं, मी शिकाऱ्यांना विचारलं. ज्या दोघांनी एकमेकांना विचारायचं, ते एकाच हॉलमध्ये पहिल्या आणि शेवटच्या रांगेत बसून घरी गेले होते. तेव्हापासून मी रिपोर्टात ‘कोणाचाच आक्षेप नाही’ असं लिहीत नाही. ‘कोणी बोललं नाही’ असं लिहिते, आणि पुढे ‘का, ते अजून कळलेलं नाही’. फिओना म्हणते, अशा वाक्याने क्लायंट वैतागतात. वैतागतात खरे. पण मग फोन करून विचारतात.