फोनवरून रचलेली पोती

अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या पलीकडे, एका तळ्याच्या काठी आमची तीसेक घरांची कॉलनी आहे. त्या वर्षी हिवाळाभर बर्फ पडत राहिला आणि मार्चमध्ये तो वितळायला लागल्यावर तळं रोज थोडं थोडं अंगणाकडे सरकू लागलं. कॉलनीची मीटिंग भरली.

"पुराचा अनुभव आहे का कुणाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझा हात कसा वर गेला ते मला अजून कळलेलं नाही. "मी सांगलीचा," मी म्हणालो. "आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं."

ते खरंच होतं. फक्त तेव्हा मी पुण्यात, हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर होतो, एवढं सांगायचं राहिलं. टाळ्या वाजल्या आणि मी पूर-समितीचा प्रमुख झालो. शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

शनिवारी सकाळी वाळूचा ट्रक आला, रिकामी पोती आली, पंधरा-वीस माणसं फावडी घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. "गच्च भरा!" मी हुकूम सोडला. तासाभरात टणक, गोल गरगरीत पोत्यांचा बांध उभा राहिला आणि पाच मिनिटांत गडगडला. एक पोतं थेट तळ्यात गेलं.

मी गॅरेजमागे जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत रात्रीचे साडेआठ झाले होते. पण बायको मागोमाग आली, तिने फोन हातातून काढून घेतला आणि सगळ्यांसमोर एका उलट्या बादलीवर टेकवून ठेवला.

"अरे, असं कुणी भरतं का?" आई ओरडली. "अर्धंच भरायचं, म्हणजे ते पसरून बसतं. आणि तू कशाला सांगतोयस त्यांना? पूर आला तेव्हा तू पुण्यात होतास!"

बायकोने शब्दही न गाळता इंग्रजीत ट्रान्सलेट केलं. शेवटचं वाक्य तर दोनदा.

मग आमच्या शेजारचे म्हातारे, आयुष्यभर अग्निशमन दलात काम केलेले गृहस्थ, गंभीरपणे म्हणाले, "प्रमुख बदलायला माझी हरकत नाही."

पुढचे तीन तास आईने बादलीवरून कॉलनी चालवली. "त्या लाल टोपीवाल्याला सांग, सांध्यावर सांधा येऊ देऊ नको. पोत्यावर उभं राहून तुडव म्हणावं." लाल टोपीवाला तुडवू लागला. बांध सरळ, बसका आणि घट्ट झाला. फोन ठेवताना आईने मला विचारलं, "तुझ्या तळघरातली मोटर चालू आहे ना?"

"हो गं," मी न बघताच म्हणालो.

तळघरात एक खड्डा असतो. जमिनीतलं पाणी त्यात जमतं आणि मोटर ते बाहेर फेकते. आदल्या दिवशी तिथलं बरंचसं सामान वर हलवून मी व्हॅक्यूम फिरवला होता आणि त्यासाठी मोटरचा प्लग काढला होता.

सोमवारी तळं बांधापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. एकाही घरात पाणी शिरलं नाही. फक्त आमच्या जिन्याखालून बायकोची हाक आली, "अरे, खाली ये. तुझी बॅग पोहतेय."

गुडघ्याएवढ्या पाण्यात प्रवासाची मोठी बॅग संथपणे गोल फिरत होती. मी शेजारच्या म्हाताऱ्यांकडे धावलो. त्यांनी आधी आमची वीज बंद केली, मग स्वतःचा पंप आणला. पाठोपाठ अध्यक्षबाई आल्या, लाल टोपीवाला आला, अर्धी कॉलनी बादल्या घेऊन जिन्यावर रांगेने उभी राहिली. भरलेल्या बादल्या हातोहात वर जाऊ लागल्या. शेवटी मीच म्हणालो, "प्लग मी काढला होता."

"हो, दिसला," म्हातारे म्हणाले आणि मग जिन्यावर जे हसणं सुटलं, त्यात दोन बादल्या पुन्हा खाली सांडल्या.

दुपारी बायकोने मोठ्या पातेल्यात पोहे केले. सगळ्यांनी अंगणात उभ्याने खाल्ले. अध्यक्षबाईंनी तर मिरच्या बाजूला काढत दोनदा घेतले. तळघरातलं कार्पेट मात्र वाचलं नाही. आम्ही सहा जणांनी ते गुंडाळून रस्त्याकडेला नेऊन टाकलं.