रुई म्हणजे कापूस, मावशी!

सगळ्यात आधी कोण आलं, तर बंडूची कॉलेजची पोरं.

मऊरानीपूरची नणंद अजून निघालीही नव्हती आणि ही चौघं दारात. हातात हार नाही, बाटली.

आमचा बंडू काल सकाळी गेला.

माझा भाचा. केमिस्ट्री शिकवायचा. "मावशी, चाय" म्हणाला, मी आलं किसलं, कप घेऊन गेले तर खुर्चीत मान कलंडलेली.

किसणीला आलं अजून तसंच आहे. कसं खरं मानू?

बाटलीचं सांगते.

मागच्या वर्षी बंडूनं अशीच एक बाटली कॉलेजात पाच महिने सांभाळून घरी आणली. म्हणाला, "हात मत लगाना. तेल-पाण्यात रुई आहे, विरघळवलेली."

आता आमच्या मराठी घरात रुई म्हणजे शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात ती. तिचा चीक पांढरा, डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. बाटलीतलंही पांढरंफेक. घरात नातवंडं.

मी मोरीत ओतलं. बाटली घासून उपडी घातली.

बंडूनं उपडी बाटली उचलून पाहिली. मग जो हसत सुटला!

"अगं मावशी, रुई म्हणजे कापूस! हिंदीतली रुई!"

मग समजावलं. विरघळलेला कापूस तेल-पाण्यात घोटला की तेलाच्या थेंबाथेंबाला कापसाचं झबलं चढतं. मग थेंब एकमेकांत शिरत नाहीत, तेल वर येत नाही.

मी विचारलं, "मिसळायला साबण घातलास?"
"नाही."
"अंडं?"
"तुझ्या देवघरासमोर अंडं आणीन का?"

दुसरी बाटली केली, ती कॉलेजातच ठेवली. माझा भरवसा नव्हता ना! वर्षभर टिकली तर काम पक्कं, म्हणायचा.

तीच पोरांनी आणली. पांढरी, एकजीव. वर तेलाचा टिपूस नाही.

माणूस कपभर चहा होईस्तोवर गेला आणि हे तेल-पाणी अजून धरून आहे!

"दादीजी, सर बोले थे, साल पूरा होगा तो आपके सामने खोलेंगे."

आणि माझ्याजवळ ठेवून गेली. माझ्याजवळ!

सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. त्यांना काय माहीत. चौघंही पाया पडून म्हणाली, "फिर आएँगे." नणंद असती तर ओरडली असती. मला बरं वाटलं.

बंडू, बाटली खिडकीत आहे. या खेपेला कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. तू जा निवांत.

बाटलीचं वर्ष रविवारी पुरं होतंय. पोरं रविवारी येणार आहेत.