साधा अर्ज मी काढायला लावला

चौथी शिकलेला गवंडी मी. भूकंपानंतर गावोगाव घरं उभी केली. पुढं लातुरात क्लासची पोरं लोंढ्यानं यायला लागली, तेव्हा मुलींसाठी स्वतःचं होस्टेल बांधलं. मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

खोली धरायला सुनेनं वेबसाइट केली. बटण दाबलं की पुढचं काम करणारा कोड म्हणजे जावास्क्रिप्ट; ती तिनं प्रत्येक खोलीच्या बटणाला वेगळी लावली नव्हती. प्रत्येक दाराला राखणदार कशाला, फाटकावर एकच बसवला, कुणी कोणतं दार वाजवलं ते तोच बघतो, असं तिनं सांगितलं. ते पटलं. पण पानाच्या तळाशी तिनं एक साधा अर्जही ठेवला होता. नेट मंद असलं, जावास्क्रिप्ट पोचली नाही, तरी त्यानं खोली धरता यावी म्हणून. मला तो तहसीलच्या कागदासारखा दिसला. काढ म्हणालो.

सून म्हणाली, "मामा, फाटकाला बेल हाय, तरी तुम्ही कडी ठेवलीच ना? लाइट जाती म्हणून?"

मला कळलं होतं. तिथल्या तिथं कळलं होतं. पण माझ्याच फाटकावरून सुनेनं मला शिकवावं? काढायलाच लावला.

जूनमध्ये देवणीकडचा एक बाप लेकीला घेऊन आला. खोल्या भरल्या होत्या. त्याच्या गावची एक मुलगी आमच्याकडं राहायची, म्हणून इथंच ठेवीन, नाहीतर लातूर नको, असं त्याचं म्हणणं. तीन दिवस बटण दाबून राहिलो, काहीच होईना, म्हणाला. चार पालक बसलेले.

मी म्हणालो, "दाबायला बी अक्कल लागते, पाहुणं."

लोक हसले. तोही हसला. "हाव, आमचंच चुकलं आसंल."

सुनेनं त्याचा फोन घेऊन बघितलं. पान अर्धंच उतरलेलं. बटण दिसत होतं, पण त्यामागं तो राखणदार, म्हणजे जावास्क्रिप्ट, पोचलाच नव्हता, आणि खाली अर्ज नाही. तिनं फोन परत दिला, माझ्याकडं पाहिलं. चूक माझी, हे मी बोलायला हवं होतं, त्या चौघांसमोर. मी रजिस्टर चाळत राहिलो. पोरगी पिशवी उचलून बापामागं निघून गेली.

दुपारी सुनेला म्हणालो, घाल तो अर्ज. तिनं घातला, आणि त्या बापाचा नंबर चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढं ठेवला. महिन्यानं एक खोली मोकळी झाली, तेव्हा फोनही तिनंच केला. पोरगी तोवर देवणीकडच्याच कॉलेजात जायला लागली होती.

मी दोनदा लावला तो नंबर. पलीकडून "हॅलो" आलं की ठेवून दिला.